पैसे मोजले, फोन हातात आहे, तरी लॉक दुसऱ्याचं: सेकंडहँड आयफोनचा मालक कोण?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीन महिन्यांपूर्वी ऑनलाइन जाहिरात बघून तुम्ही एका मुलाकडून आयफोन १३ घेतलात. २६ हजार यूपीआयने दिलेत. बॉक्स मिळाला, बिल मिळालं नाही. फोन उत्तम चालला. गेल्या आठवड्यात पासकोड विसरलात, मित्राने लॅपटॉपला जोडून रिस्टोर करून दिला, आणि आता फोन सुरू केला की तो मूळ मालकाच्या खात्याला लॉक असल्याचं सांगतो. खाली कुणाचा तरी ईमेल दिसतो, पहिलं अक्षर आणि पुढे नुसते ठिपके. विकणारा आधी 'बघतो' म्हणाला, आता फोन उचलत नाही. एक दुकानदार अडीच हजारांत बायपास करून, म्हणजे लॉक चुकवून फोन उघडून देतो म्हणतोय. तुमचं म्हणणं असं की पैसे मी मोजलेत, वस्तू माझी आहे, मग कंपनी कोण मला अडवणारी?

नाशिकला माझं मोबाइल दुरुस्तीचं आणि जुन्या फोनच्या खरेदी-विक्रीचं दुकान आहे, १७ वर्षं झाली. असा फोन घेऊन महिन्यातून तीन-चार माणसं तरी माझ्या काउंटरवर येतात. तुमचा राग मला कळतो आणि तो बऱ्याच अंशी रास्त आहे. पण तुम्ही दोन वेगळे प्रश्न एकात बांधलेत. लॉक कसं निघेल हा एक, आणि फोन खरोखर तुमचा झाला का हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी शोधा. ते 'हो' निघालं तर लॉक बहुतेक वेळा दहा मिनिटांत आणि फुकट निघतं. 'नाही' निघालं, तर लॉक काढूनही फोन तुमचा होणार नाही.

तीन महिने फोन चालला कसा, ते आधी सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. आयफोनची सेटिंग्ज उघडली की अगदी वर नाव असतं. तुमच्या फोनवर तिथे बहुतेक त्या मुलाचं किंवा आणखी कुणाचं तरी नाव होतं. तुम्ही तुमचा ॲपल आयडी टाकलात तो फक्त ॲप स्टोअरमध्ये, ॲप उतरवता यावेत म्हणून. दोन्ही खाती एकाच फोनवर निवांत नांदतात, म्हणून काही जाणवत नाही. मात्र 'फाइंड माय', म्हणजे हरवलेला फोन शोधायची सोय, वरच्या नावाने चालू होतं, आणि ते चालू असलं की फोनचा सिरियल क्रमांक त्या खात्याशी जोडून कंपनीच्या सर्व्हरवर नोंदला जातो. फोन पुसून पुन्हा सुरू करताना तो इंटरनेटवरून सर्व्हरला विचारतो, 'मी सुरू होऊ का?' सर्व्हर नोंद बघतो आणि जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. म्हणजे कुलूप फोनच्या आत नाहीच, त्यामुळे रिस्टोर कितीही वेळा केला तरी फरक पडत नाही. ही सोय २०१३ साली आयओएस ७ बरोबर आली. अँड्रॉइडमध्ये तिचा भाऊ, ज्याला बाजारात सगळे एफआरपी म्हणतात, २०१५ साली ५.१ आवृत्तीबरोबर आला. दोन्हींचा हेतू एकच, चोरलेला फोन चोराच्या उपयोगाचा राहू नये.

आता मालकीचं. माझ्या गिऱ्हाइकांना मी हे सातबाऱ्याच्या भाषेत सांगतो. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून कुणी मालक ठरत नाही. ती महसुलाची नोंद आहे आणि मालकीचा निकाल दिवाणी कोर्ट देतं. पण नाव नसेल तर पावलोपावली अडतं, हेही तितकंच खरं. ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे तुमच्या पडद्यावरचं हे लॉक, त्या नोंदीसारखं आहे. या फोनवर 'फाइंड माय' कुणाच्या खात्याने चालू केलं होतं, एवढंच ते सांगतं. त्या माणसाने फोन तुम्हाला विकला की त्याच्या खिशातून तो पळवला गेला, हे सर्व्हरला ठाऊक नसतं. तेव्हा कंपनी मालक नाही, आणि लॉक आहे म्हणून तुम्ही चोर ठरत नाही. झालंय ते इतकंच की व्यवहार झाला आणि फेरफार राहिला.

मात्र तुमचा हक्क त्या मुलाच्या हक्काहून मोठा असू शकत नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २७ साधारण हेच सांगतं. ज्याच्याकडून घेतलं त्याचा जेवढा हक्क, तेवढाच तुमच्याकडे येतो. काही अपवाद आहेत, पण चोरीच्या मालाला ते लागू पडत नाहीत. फोन त्याचा स्वतःचा असेल तर तो आज तुमचा आहे, बिल असो वा नसो. त्याने चोरलेला किंवा चोराकडून घेतलेला असेल, तर तुम्ही २६ हजार मोजा की ५० हजार, मालक तोच ज्याचा फोन गेला. त्याच कायद्याचं कलम १४ तुमच्या बाजूचं आहे. विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे आणि वस्तूवर दुसऱ्या कुणाचा बोजा नाही, ही हमी प्रत्येक विक्रीत न लिहिताही धरलेली असते. ती खोटी निघाली तर पैसे परत मागण्याचा तुमचा हक्क पक्का आहे. तो वसूल करणं कठीण, ही वेगळी गोष्ट.

मी वकील नाही, पण मला एकदा याचा अनुभव आला आहे. काही वर्षांपूर्वी मी एका तरुणाकडून ११ हजारांना एक फोन घेतला. बोलायला सभ्य, बॉक्स सोबत, लॉक नाही, पुसलेला फोन. महिनाभराने शेजारच्या जिल्ह्यातले दोन पोलीस दुकानात आले. फोन घरफोडीतला होता. त्यांनी तो मुद्देमाल म्हणून जप्त केला, पंचनामा केला, आणि माझे ११ हजार गेले ते गेलेच. त्या दिवशी मला वाचवलं ते माझ्या रजिस्टरने. त्यात विकणाऱ्याची सही, आधारची प्रत, फोनचे दोन्ही आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, आणि माझ्या अक्षरात लिहिलेली तारीख होती. त्या एका पानामुळे मी साक्षीदार राहिलो, आरोपी झालो नाही. पुढे कोर्टाच्या आदेशाने फोन मूळ मालकिणीला मिळाला. ती कॉलेजात शिकणारी मुलगी होती, तिच्या आईने हप्त्यावर घेऊन दिलेला फोन होता तो. माझं नुकसान मला लागलं, पण फोन तिचाच होता याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती.

हे सांगायचं कारण तुमच्या बायपासच्या प्रश्नात आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७, म्हणजे जुन्या आयपीसीचं ४११, चोरीचा माल घेणाऱ्याबद्दल आहे आणि तसाच तो ठेवून घेणाऱ्याबद्दलही आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असणं किंवा तसं मानायला सबळ कारण असणं, आणि तरी तो बेइमानीने घेणं किंवा ठेवणं, हा गुन्हा. तीन महिन्यांपूर्वी तुमच्याकडे तसं कारण नव्हतं. किंमत बाजारभावाच्या आसपास होती, पैसे बँकेतून गेले, बॉक्स होता. आज पडद्यावर दुसऱ्याचा ईमेल आहे आणि विकणारा फोन उचलत नाही. संशयाला जागा झाली आहे. अशा वेळी चौकशी न करता लॉक तोडून फोन वापरत राहिलात, तर फोन चोरीचा निघाल्यावर 'मी प्रामाणिकपणे घेतला' हे तुमचं खरं म्हणणंच लंगडं पडेल.

शिवाय अडीच हजारांत तुम्हाला मिळणार काय? बायपासची जी खरी युक्ती आहे, ती आयफोन एक्सपर्यंतच्या चिपमध्ये २०१९ साली सापडलेल्या दोषावर चालते. तो दोष हार्डवेअरमधला असल्याने अपडेटने बुजत नाही, म्हणून जुन्या फोनवर ती आजही चालते. त्यातही अनेकदा सिम चालत नाही, फोन बंद करून चालू केला की लॉक परत येतं आणि आयक्लाउड, म्हणजे ॲपलची ऑनलाइन साठवण, वापरता येत नाही. तुमच्या १३ मध्ये ए१५ चिप आहे, तिच्यात तो दोष नाही. मग 'आयएमईआय पाठवा, सर्व्हरवरून काढून देतो' म्हणणारे उरतात. त्यातले काही पैसे घेऊन गायब होतात. काही त्याहून वाईट करतात. मूळ मालकाला मेसेज जातो, 'तुमचा हरवलेला फोन सापडला, ठिकाण बघायला लॉगिन करा'. तो बिचारा आशेने खोट्या पानावर पासवर्ड टाकतो. लॉक निघतं, आणि त्याचे फोटो, संपर्क, सगळं खातं परक्याच्या हाती जातं. आधीच ज्याचा फोन गेलाय त्याला दुसऱ्यांदा लुटायचं, आणि त्याचे पैसे तुमच्या खिशातून. माझ्या दुकानात हे काम होत नाही. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल.

आता सरळ रस्ता. त्या मुलाचं खातं असेल, तर त्याला तुमच्यापर्यंत यायचीही गरज नाही. त्याने कुठूनही आयक्लाउड डॉट कॉम स्लॅश फाइंड हे पान उघडायचं, स्वतःच्या आयडीने आत जायचं, यादीतून हा फोन निवडायचा आणि 'रिमूव्ह धिस डिव्हाइस' करायचं. या पानाला ओटीपी लागत नाही, त्यामुळे 'माझा तो नंबर बंद आहे' ही सबब इथे चालत नाही. मग तुम्ही फोन बंद करून पुन्हा चालू करायचा, वायफाय द्यायचं, बस. त्याचा पासवर्ड मागू नका. अनेकजण टाळाटाळ करतात ती चोरीमुळे नव्हे, पासवर्ड द्यावा लागेल या भीतीने. त्याला असा मेसेज करा: 'तुझा पासवर्ड मला नको. या पानावर जाऊन फोन काढून टाक, दोन मिनिटांचं काम आहे.' माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांतली निम्मी तरी इथेच मिटली आहेत. विकणारा चोर नव्हता, गाफील होता.

तो पासवर्डच विसरला असेल तर आधी खातं परत मिळवायचं, मग हेच करायचं. त्याला काही दिवस लागू शकतात. मूळ बिल त्याच्याकडे असेल तर दुसराही मार्ग आहे. खरेदीचा पुरावा जोडून ॲपलकडे लॉक काढण्याची विनंती करता येते. बिलावर फोनचा सिरियल क्रमांक किंवा आयएमईआय लागतो आणि फोन 'लॉस्ट मोड'मध्ये, म्हणजे मालकाने हरवला म्हणून नोंदवलेला, नसावा लागतो. यूपीआयचा स्क्रीनशॉट किंवा तुमच्या दोघांतली चिठ्ठी तिथे सहसा चालत नाही. म्हणून बिल ज्याच्या नावाचं आहे त्यानेच विनंती करावी हे उत्तम.

या पद्धतीवर माझा मनापासून आक्षेप आहे, तोही नोंदवतो. लॉक हवंच. ते आल्यापासून चोरीचा आयफोन कवडीमोल झाला, हे मी धंद्यात पाहिलंय. पण सचोटीने जुना फोन घेणाऱ्या माणसाला दाद मागायला कंपन्यांनी जागाच ठेवलेली नाही. विकणारा परदेशी गेला, वारला, पासवर्ड विसरला, बिल उंदराने खाल्लं, की चांगला चालणारा फोन भंगार. माझ्या मागच्या खोलीत एका ट्रेमध्ये असे फोन आहेत. काच धड, बॅटरी चांगली, आणि पडद्यावर 'हॅलो' येऊन थांबलेले. लोकांनी अक्षरशः सोडून दिलेले. कंपनी जुन्या मालकाला निदान एक निरोप पाठवू शकते: 'हा फोन मी विकत घेतल्याचं कुणी सांगतंय, तुम्ही विकलात का? ठराविक मुदतीत हरकत कळवा.' जमिनीच्या फेरफारात तलाठी हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकती मागवतो, तसं. यात चोराचा फायदा नाही, कारण ज्याचा फोन चोरीला गेलाय तो हरकत घेईलच. वस्तू विकत घेतल्यावर तिच्यावर पूर्ण ताबा असावा ही तुमची अपेक्षा चूक नाही. आज तशी सोय नाही, एवढंच.

विकणारा दाद देतच नसेल तर काय? आधी बॉक्सवरचा आयएमईआय घ्या आणि सिमच्या ट्रेवर क्रमांक छापलेला असेल तर तो जुळतो का बघा. जुळत नसेल तर तो बॉक्स या फोनचा नाहीच, आणि मग मला तरी फार आशा वाटत नाही. मग 'के वाय एम', एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा, किंवा संचार साथीच्या ॲपवर तपासा. ही केंद्र सरकारची नोंदवही आहे. चोरीला गेलेला फोन मालकाने पोलीस तक्रार करून तिथे ब्लॉक केला असेल तर ते दिसतं. पण तिथे 'ठीक' दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. पुष्कळ लोक ब्लॉक करतच नाहीत, आणि परदेशात चोरलेला फोन आपल्या नोंदवहीत नसतो.

पडद्यावर एखादा संदेश आणि फोन नंबर दिसतोय का, तेही बघा. हरवला म्हणून मालकाने लिहिलेला असतो. मागे एक रिक्षावाले दादा असाच फोन घेऊन आले, एका प्रवाशाने हजार रुपयांत दिला म्हणाले. चार्जिंगला लावला, वायफाय जोडलं, आणि पडद्यावर मराठीत ओळ आली: 'फोन ठेवा पण आईचे फोटो द्या', खाली नंबर. दादांनी ती वाचली आणि माझ्याच फोनवरून नंबर लावला. दुसऱ्या दिवशी मुलगा येऊन फोन घेऊन गेला, दादांना त्याने हजाराऐवजी दोन हजार दिले. तुमच्या पडद्यावर असं काही असेल तर विकणाऱ्याचा नाद सोडा आणि तो नंबर लावा. फोन तुमचा नाही.

असा संदेश नाही, आणि विकणारा गप्प आहे, तर त्याला लेखी मुदत द्या, व्हॉट्सॲपवर दिलीत तरी चालेल. सात दिवसांत लॉक काढ, नाहीतर फोन घे आणि पैसे परत दे. त्यानंतर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तुमच्या गप्पा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि बॉक्स घेऊन पोलीस ठाण्यात जा. फसवणुकीची तक्रार द्या आणि फोन दाखवा. जप्त होईल ही भीती खरी आहे. पण स्वतःहून गेलेला आणि शोधून आणलेला, या दोघांकडे बघण्यात फार फरक असतो. यूपीआयमुळे तुमच्याकडे विकणाऱ्याच्या बँक खात्याचा धागा आहे, रोख देणाऱ्यांकडे तोही नसतो. दुकानातून घेतला असता तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि ग्राहक आयोग हा मार्ग होता. एकट्यादुकट्या माणसाने आपला जुना फोन विकला तर तो व्यापारी धरला जात नाही, म्हणून तुमच्या बाबतीत तो बहुधा लागू होणार नाही.

काही लॉक वेगळी असतात, त्यांची गल्लत नको. 'रिमोट मॅनेजमेंट' असं लिहून संस्थेचं नाव दिसलं तर तो ऑफिसचा फोन किंवा लॅपटॉप आहे, आणि ते फक्त तीच संस्था काढू शकते. हप्ते थकल्याने फायनान्सवाल्याने लावलेलं लॉक असेल तर आधी कर्जाचा हिशेब मिटायला हवा. घरातलं माणूस गेलं आणि फोन अडकला, तर वारसांना कागदपत्रं देऊन अर्ज करता येतो, काही वेळा कोर्टाचा आदेश मागतात. आपल्या माघारी खातं कुणी उघडावं ते आधीच ठरवून ठेवायची सोय आयफोनमध्ये २०२१ पासून आहे. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर ती आजच करून ठेवा.

पुढच्या वेळी जुना फोन घ्याल तेव्हा पैसे द्यायच्या आधी, विकणाऱ्याच्या हातून, सेटिंग्जमधल्या वरच्या नावातून साइन आउट करून घ्या. मग फोन पुसा, तुमचं सिम आणि वायफाय घालून होम स्क्रीनपर्यंत स्वतः या, आणि मगच पैसे पाठवा. एक अडचण अलीकडे फार येते. जानेवारी २०२४ पासून आयफोनमध्ये चोरीपासून संरक्षणाची नवी सोय आहे. ती चालू असेल तर घर-ऑफिससारख्या ओळखीच्या जागेबाहेर साइन आउट करायला फेस आयडी लागतो आणि वर तासभर थांबावं लागतं. हॉटेलात चहा पीत व्यवहार करणारे तिथेच अडकतात आणि 'घरी जाऊन काढतो' यावर विश्वास ठेवून पैसे देऊन बसतात. त्याला आधीच सांगा, घरून काढून ये. अँड्रॉइडला आधी गूगल खातं काढायचं, मग सेटिंग्जमधूनच रिसेट. बटणं दाबून रिकव्हरीतून केलेला रिसेट एफआरपी काढत नाही. आणि साध्या कागदावर दोन ओळी लिहून घ्या: आयएमईआय, रक्कम, तारीख, 'फोन माझा आहे, हप्ता बाकी नाही', सही, ओळखपत्राची प्रत. जो एवढं द्यायला कां-कू करतो त्याचा फोन घेऊ नका.

शेवटी तुम्ही विचारलंत की नाहीच उघडला तर चार हजारांत स्पेअरमध्ये विकू का. आज नको. उद्या तो चोरीचा निघाला तर तुम्ही पुरावा तुकडे करून विकलेला असेल. शिवाय आयओएस १८ पासून लॉक असलेल्या फोनचे काही सुटे भागही दुसऱ्या फोनला लावताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागतात, त्यामुळे तो भावही यायचा नाही. फोन बंद करून बॉक्ससकट कपाटात ठेवा. आज रात्री त्या मुलाला पासवर्ड नको असल्याचा तो मेसेज पाठवा, दुसऱ्या एखाद्या नंबरवरून एकदा फोनही लावून बघा, आणि तो काय म्हणाला ते कळवा. पुढचं त्यावर ठरवू.